भरलेले वण

माझ्या तोंडाकडं बघून लोक आधी दचकतात आणि मग चौकशी करतात. दाढ सुजली का बाई? गांधीलमाशी चावली का? एकानं एसटीत मला उठून जागा दिली आणि आपण पार मागं दाराशी जाऊन उभा राहिला. त्याला भला माणूस म्हणावं की भित्रा, अजून मला ठरवता आलेलं नाही. मी कुणालाही काही सांगत बसत नाही. पण आण्णांची गोष्ट सांगायची म्हणजे या तोंडापासूनच सुरुवात करावी लागते, कारण हे तोंड त्यांच्या हातचं आहे.

आण्णा म्हणजे माझे वडील, मानसिंग. आष्ट्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. दोन एकर ऊस, एक विहीर, आणि घरटी एक माणूस फौजेत. आण्णाही फौजेत होते, पण बंदुकीवर नव्हते, दवाखान्यात होते. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, सुया द्यायच्या. सत्तर साली हवालदार म्हणून पेन्शनीत आले आणि गावानं त्यांना परस्पर डाक्टर करून टाकलं. तापासाठी, खोकल्यासाठी, म्हशीच्या आचळासाठीसुद्धा माणसं आमच्या सोप्यात येऊन बसायची. आण्णा गोळ्या द्यायचे, पण गोळीनं कुणाचं समाधान होत नसे. "सुई द्या की ओ," म्हणून हटून बसायची. आमच्याकडं सुई टोचल्याशिवाय बरं वाटायची पद्धतच नाही.

माणूस शिस्तीचा. सिरिंज काचेची, ती चुलीवर पातेल्यात घालून घड्याळ लावून वीस मिनिटं उकळायची. त्या पातेल्यात आईनं एकदा चुकून दूध तापवलं, तर आण्णा दोन दिवस जेवायला बसले नाहीत. मी हट्टी आहे असं सगळे म्हणतात ना? आकाशातनं नाही पडला तो हट्ट.

मला देवी आल्या तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि आण्णा लांब कुठंतरी आसामकडं होते. पलटणीतल्या हजारो जवानांच्या दंडावर देवीची लस टोचलेला माणूस, आणि त्याच्याच लेकीला देवी! कारण सांगते. लस टोचणारा माणूस गावात आला तेव्हा आईनं मला धान्याच्या कणगीत लपवलं होतं. शेजारच्या पोराचा दंड पिकून त्याला ताप भरला होता, त्याला ती भ्याली. सहा महिन्यांनी मला देवी आल्या. आईनं दाराला लिंबाचे डहाळे बांधले आणि एकवीस दिवस माझ्या उशाशी बसून राहिली. मी जगले, पण दोन्ही गालांवर खड्डे पडले.

आण्णा रजेवर आले, त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि आईला विचारलं, "लस टोचली न्हाई?" आईनं कणगीकडं बोट केलं. मग आण्णा तिच्याशी बोलले नाहीत. म्हणजे मीठ दे, पाणी दे एवढं बोलायचे; पण माणूस बायकोशी जे बोलतो ते तेरा वर्षं बोलले नाहीत. आई सगळं निमूट सोसायची. मला दोघांचाही राग यायचा.

तसं बघायला गेलं तर तोंडावर वण असलेली माणसं तेव्हा पैशाला पासरी. आमच्या गल्लीतच पाच-सहा होती. पण पोरीची जात, त्यात लग्नाचं वय. दोन स्थळं येऊन बघून गेली आणि परत त्यांचा निरोप आला नाही. मी विसावं ओलांडलं होतं. आई देवाला साकडं घालायची, आणि आण्णा माझ्याकडं बघायचे टाळायचे. तेच मला जास्त लागायचं.

चौऱ्याहत्तरच्या फाल्गुनात कराडजवळच्या मलकापूरहून स्थळ आलं. मुलाचं नाव कृष्णात. फौजेत शिपाई, घरचा ऊस, आई वारलेली, वडील भाऊसो कर्ते. चैत्रात तो दोन महिन्यांच्या रजेवर येणार होता. फौजेतल्या मुलाचं लग्न म्हणजे सगळं रजेत बसवायचं असतं. बघणं, साखरपुडा, हळद, अक्षता, सगळं त्या साठ दिवसांत. साहेबांनी रजा दिली ती दिली, पंचांगानं काही का म्हणेना. मुलगी बघायला यायचा दिवस ठरला आणि आण्णांच्या हातात बावीस दिवस उरले.

त्या बावीस दिवसांत त्यांनी जे केलं, त्याला त्यांच्या डोक्यात आधार होता. पुण्याला लष्करी दवाखान्यात ते एक वर्ष एका मेजरसाहेबांच्या हाताखाली होते. पासष्टच्या लढाईत तोंडं फाटलेले जवान ते साहेब नीट करायचे. एका जवानाच्या गालावर खोल खळगा राहिला होता. साहेबांनी परदेशातनं आणलेल्या बाटलीतलं तेलासारखं औषध सुईनं त्याच्या कातडीखाली घातलं आणि खळगा वर आला. आण्णा शेजारी ट्रे धरून उभे होते. साहेब एका वेळी दोन थेंबांवर तिसरा घालत नसत. मग महिनाभर थांबायचं, बघायचं, आणि पुन्हा दोन थेंब. आणि जवानाला सक्त ताकीद, गाल चोळायचा नाही. दाढी करायची नाही, टॉवेलनं पुसायचं नाही, झोपायचं ते उताणं. आण्णांनी हे सगळं वहीत उतरवून ठेवलं होतं. साहेब त्यांना म्हणाले होते, "मानसिंग, हे औषध घालता येतं, काढता येत नाही." तेही वहीत होतं. वही मी स्वतः वाचलेली आहे.

सांगलीत ज्ञानू म्हणून त्यांचा फौजेतला जुना दोस्त दवाखान्यांना औषधं पुरवायचा. आण्णा त्याच्याकडं गेले आणि एक बाटली घेऊन आले. तिला लेबल नव्हतं. "त्येच हाय गड्या, मुंबईस्नं येतंय," असं ज्ञानू म्हणाला म्हणे. आण्णांनी बाटलीचा वास घेतला, उजेडात धरली, दोन बोटांत थेंब चोळून बघितला. मग त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. सुई उकळली, सिरिंज उकळली, आणि बाटलीही पातेल्यात उभी करून अर्धा तास उकळली. उकळलं म्हणजे शुद्ध झालं, ही त्यांची फौजेतली शिकवण. आत काय आहे ते उकळून कळत नाही, हे एवढ्या हुशार माणसाला सुचलं नाही. सुचलं असेलही. पण बावीस दिवस होते.

सकाळचं तिरपं ऊन गालावर पडलं की खड्ड्यांत सावली धरते, म्हणून मला अंगणात उन्हाकडं तोंड करून बसवलं. निळ्या शाईच्या टाकानं एकेका वणापाशी टिंब काढलं. डाव्या गालावर चोवीस, उजव्यावर अठरा. आई दारात उभी होती. ती एकदाच बोलली, "आवं, पोरीला इचारा तरी." आण्णांनी वर बघितलं नाही. "तू इचारलंतंस का, कणगीत घालताना?" म्हणाले. आई आत निघून गेली.

मला विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते? खरं सांगते, हो म्हणाले असते. मी उताविळीनं बसले होते तिथं. तेल दाट म्हणून सुई जाड. एकेक टोचणी कानापर्यंत जायची, आणि मी दात आवळून विचार करायची, की आता आण्णा माझ्याकडं बघतील. तीन सकाळी लागल्या. महिनोन्महिने थांबून करायचं काम त्यांनी तीन सकाळी उरकलं. चार दिवस तोंड सुजून डोळे बंद झाले. मग सूज ओसरली, आणि आरशात बघते तर काय! खड्डे नाहीत. मऊ, भरलेले गाल. मी इतकी खुळ्यासारखी हसले की आई धावत आली. ती हसली नाही, माझ्या गालाला हात लावायला गेली, तसे आण्णा ओरडले, "हात लावायचा न्हाई! म्हैनाभर कुणी हात लावायचा न्हाई!"

कृष्णात बघायला आला. उंच, काळासावळा, गप्प माणूस. माझ्याकडं टक लावून बघत राहिला. भुवया जवळ आणून, काहीतरी शोधल्यासारखा. बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या, मुलाला पोरगी भलतीच आवडली म्हणून. सुपारी फुटली. लग्न पंधरा दिवसांवर.

आता हळदीचं सांगते.

आमच्यात नवऱ्याची उष्टी हळद नवरीला लावतात. ती घेऊन नवऱ्याकडच्या सवाष्णी येतात आणि त्याच लावतात. आमच्या दारात मांडव होता. मलकापूरच्या पाच बायका हळदीचं ताट घेऊन आल्या, पुढं माझी थोरली होणारी जाऊ. रांगड्या बायका, ऊस बांधलेले हात. आणि हळद काही बोटानं टिळा लावावा तशी लावत नाहीत, चोळतात. रंग धरला पाहिजे ना! जावेनं माझे दोन्ही गाल तळव्यात घेतले आणि खालून वर, वरून खाली असे चोळले की माझी मान डुलायला लागली. एकीचं झालं की दुसरी. सगळ्या हसत होत्या, गात होत्या, "नवरी गालांनी गुबगुबीत हाय" म्हणत होत्या. मला आतून काहीतरी सरकल्यासारखं वाटलं.

मी मांडवाकडं बघितलं. आण्णा मेढीच्या खांबाला धरून उभे होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांना ठाऊक होतं. साऱ्या मांडवात त्यांना एकट्यालाच पुरतं ठाऊक होतं की या गालांना फडकंसुद्धा का लागता कामा नये. तोंडातनं एक शब्द काढायचा होता. पण काय म्हणून काढणार? नवरीच्या बापानं बायकांच्या हळदीत शिरून "चोळू नका" म्हणायचं, तर का, म्हणून पाचही जणी विचारणार. ते सांगितलं की मांडव मोडणार. मी त्यांच्याकडं बघत होते, ते माझ्याकडं बघत होते. पाचवी बाई चोळून संपेपर्यंत आम्ही बाप-लेक एकमेकांकडं बघत होतो, आणि दोघांपैकी कुणीही बोललं नाही.

लग्न झालं. कृष्णात रजा संपवून गेला. आम्हाला एकत्र मिळाले ते चोवीस दिवस. जास्त बोलायचा नाही, पण बोलायचा ते जपून. मी त्या घरात सुखात होते, हे सांगायलाच पाहिजे. चार महिने मी गावातल्या कुठल्याही सुनेसारखी सून होते. पाणी भरत होते, भाकरी थापत होते, आणि विहिरीवर कुणी बघितलं तर मान खाली घालत नव्हते.

भाद्रपदात डावा गाल लाल झाला. मग हाताला गाठी लागायला लागल्या, आधी हरभऱ्याएवढ्या, मग आवळ्याएवढ्या. एक गाठ तर गालातनं उतरून जबड्यापाशी येऊन बसली. कातडी जाड, चकचकीत. दिवाळीपर्यंत तोंड असं झालं की मीच आरसा पालथा घातला. घरात आधी दाढ म्हणाले, मग रक्त बिघडलं म्हणाले. मग एक दिवस माझं ताट वेगळं ठेवलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी माझी अंथरायची वाकळ गोठ्याकडच्या खोलीत नेलेली. शब्द कुणी तोंडानं काढला नाही, पण मला कळायचं ते कळलं. गाठाळलेलं तोंड म्हणजे महारोग, अशीच तेव्हा समजूत.

सासऱ्यांनी मला माहेरी आणून सोडलं. भाऊसो म्हणजे कडक माणूस, पण वाईट नव्हे. उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले, पाणी घेतलं नाही. "पाव्हणं, तुमी डाक्टर हाय. तुमीच बघा काय रोग हाय," म्हणाले आणि डोळे पुसत निघाले. आण्णांनी तेव्हा तरी बोलायचं! नाही बोलले. मूग गिळून बसले. चार दिवस. पाचव्या दिवशी सकाळी दाढी केली, फौजेतला कोट घातला आणि कराडची एसटी धरली.

मलकापुरात भाऊसोंच्या सोप्यात, चार भाऊबंद बसलेले असताना, त्यांनी सगळं सांगितलं. बाटली, सुई, तीन सकाळी. म्हणाले, "महारोग न्हाई. माझ्या हातचं हाय. पोरीला नांदवा, मला काय बी शिक्षा द्या." भाऊसोंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रोग आसता तर देवाची करणी म्हणून पदरात घेतली आसती. ह्यी तर फसवणूक हाय." आणि उठून आत गेले.

आण्णा परत आले आणि हे सगळं त्यांनी आईला सांगितलं. मला नव्हे, आईला. चुलीपाशी बसून, हळू आवाजात, जसं माणूस बायकोशी बोलतो तसं. तेरा वर्षांनी. आईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी भिंतीपलीकडं होते आणि माझ्या अंगाची लाही लाही होत होती, की ह्यांचं जुळायला माझं तोंड जावं लागलं!

पुढच्या वर्षी कृष्णात रजेवर आला आणि वडिलांनी अडवलं तरी आमच्याकडं आला. मी पदर तोंडावर ओढून बसले होते. त्यानं तो स्वतःच्या हातानं बाजूला केला. बराच वेळ बघितलं. मग आण्णांना म्हणाला, "मामा, मी हिला लगनाच्या आदी बघितली हुती. मागल्या रजेत, आष्ट्याच्या बाजारात. वांगी घेत हुती. म्हणूनच तर मी मध्यस्थ धाडला."

आण्णांना कळेना. "मंजी... वणासकट?"

"व्हय. माझ्या आयच्या तोंडावर असंच वण हुतं. आय गेल्यावर तसं तोंड मी बघितलं न्हवतं. बघायला आलतो तवा वण दिसंनात. म्हणलं, पावडर लावली आसंल."

आण्णा उठून परसात गेले. मी आयुष्यात त्यांना तसं रडताना एकदाच ऐकलं. गुरासारखे हंबरत होते. आईनं माझे कान झाकायला हात पुढं केले, जणू मी लहान असावी.

कृष्णात मला मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. त्यांनी गाल दाबून, उजेड टाकून बघितले. म्हणाले, "कणकेत तेल मळल्यावर ते परत वेगळं काढता येतं का? तसंच हे मांसात मुरलंय. कापायला जावं तर तोंड वाकडं होईल." हळदीचं मी विचारलं. ते म्हणाले, चोळण्यानं पसरलं असेल, पण ते औषधच नव्हतं. नुसतं राहिलं असतं तरी बिघडलंच असतं. हे मी आण्णांना शंभरदा सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण त्यांच्या डोक्यात ती पाचवी बाई चोळतच राहिली असणार.

कृष्णात रजा संपवून गेला. म्हणाला, फॅमिली क्वार्टर मिळालं की नेतो. वर्षभर पत्रं आली. मग दोन महिन्यांनी एक, मग दिवाळीला एक. शहात्तर साली कळलं, त्यानं साताऱ्याकडची दुसरी बायको केली. मी त्याला दोष देत नाही, असं लोकांसमोर म्हणते. खोटं आहे ते. देते.

आणि आता ऐका, खरी कमाल. माझ्या लग्नाला शे-दोनशे बायका आल्या होत्या आणि त्यांनी माझे गाल पाहिले होते, ते भरलेले, गुळगुळीत. पुढचं फार थोड्यांना ठाऊक. त्यामुळं लांबलांबच्या गावांतनं आयाबाया वणाच्या पोरी घेऊन आण्णांकडं यायला लागल्या. "डाक्टर, तुमच्या चंद्राबाईला केलं तसं आमच्या हिला करा." आण्णा सुरुवातीला नुसते नाही म्हणायचे. तर त्यांना वाटायचं, म्हातारा भाव खातोय. मग आण्णा हाक मारायला लागले, "चंद्रे, भाईर ये."

मी बाहेर यायची. ते म्हणायचे, "पदर काढ." मी काढायची. बायकांच्या तोंडातनं "अगं बया!" निघायचं, पोर आईच्या मागं दडायची, आणि दोघी वाटेला लागायच्या. अशा दहा-बारा परत गेल्या असतील. दरवेळी मी आत येऊन शिवणयंत्रावर बसायची आणि धागा तुटायचा. तोवर मी ब्लाऊज शिवायला शिकले होते.

एक दिवस माझा तोल सुटला. एक बाई बघून गेल्यावर मी आण्णांच्या अंगावर धावून गेले. "मी काय जत्रंतलं जनावर हाय? येईल त्येला दावताय! एकदा माझ्या तोंडाची माती केली त्येवढी पुरं न्हाई झाली?" आई मध्ये पडली. आण्णा खाटेवर बसून राहिले. हात गुडघ्यांवर, तळवे वर. त्या दिवसापासून त्यांनी मला कुणापुढं यायला कधीही हाक मारली नाही.

सत्त्याहत्तरच्या मार्गशीर्षात धुळा आला. धुळा जतकडचा धनगर. माझ्या लग्नाच्या साली त्याची मेंढरं आमच्या रानात बसली होती. वण होते तेव्हा त्यानं मला बघितलेलं, आणि मांडवात जेवताना वण गेलेलेही बघितलेले. आता थेट एसटीनं आला होता, बरोबर लेक अंबू. सतराची असेल. तिच्या गालांवर माझ्यासारखेच खड्डे. लग्न ठरत होतं, पण मुलाकडचे तोंडावर अडले होते. मी दाराआड उभी होते आणि फटीतनं सगळं बघत होते.

आण्णा त्या दिवशी जे बोलले तसं त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. धुळाला शेजारी बसवून घेतलं आणि काही म्हणजे काही लपवलं नाही. बाटलीचं, वहीतल्या वाक्याचं, हळदीचं, महारोगाचं, जावयाचं. "आरं, माझ्यागत कोण सुई घिऊन बसला आसंल, त्याच्या दारात बी जाऊ नगं," म्हणाले. "साहेबानं केलं ते साहेबाला ठावं हुतं. आपल्याला निस्तं बघून वाटतं, जमतंय. ह्ये तोंड हाय गड्या, एकदा बिघडलं की पोरगी रोज सकाळी तेच घिऊन उठती." मग अंबूला म्हणाले, "बाळ, हे वण बघून जो व्हय म्हणल, त्येच्याशी लगीन कर. असतो कुणीतरी. मला ठावं हाय, असतो."

धुळा ऐकत होता. मग म्हणाला, "दावा की मग लेकीला. एकदा बघतो, मग जातो."

आण्णांनी दाराकडं बघितलं. मी तिथं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझी सावली फटीखाली पडली होती. ते म्हणाले, "ती घरात न्हाई."

मी एक पाऊल टाकायचं होतं. माझ्यासाठी माझा बाप खोटं बोलला, हे ऐकून मला काय वाटलं असेल? बरं वाटलं. जिंकल्यासारखं वाटलं. मी जागची हलले नाही.

"बरं, ऱ्हायलं मग," म्हणून धुळा उठला. आण्णा त्यांना दारापर्यंत पोचवून आले, हात जोडले. ती दोघं आमच्या भिंतीला लागून असलेल्या बोळातनं निघाली, आणि खिडकीखालनं जाताना धुळा लेकीला म्हणाला, "म्हातारा दाद देत न्हाई. खरंच बिघडलं आसतं तर लेक दाविली आसती. सांगलीत ज्ञानू म्हणून हाय म्हणं, त्यो करतोय. चल." हेही मी ऐकलं. तरी हलले नाही. शिवणयंत्राचं चाक हातात धरून बसले.

सोप्यात आण्णा आईला सांगत होते, "ऐकलं गं माझं. बोलून ऐकलं. पोरीला न दाविता."

पुढच्या साली आष्ट्याच्या बाजारात मिरच्यांच्या ढिगापाशी एका बाईनं माझ्याकडं बघितलं. पदर नाकापर्यंत घेतलेला. मी आधी डोळे ओळखले, अंबूचे. तिनं पदर खाली घेतला. डावा गाल लाल, आणि कानाखाली आवळ्याएवढी गाठ.

"तुमी डाक्टरांच्या लेक न्हवं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"आमी आलतो तवा कुठं हुता ओ तुमी?"

खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं. "घरातच हुते," म्हणाले.

मला वाटलं, ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आस्सं व्हय," आणि मिरच्या निवडायला लागली. मी पिशवी तिथंच विसरून घरी आले.

एकोणऐंशीच्या श्रावणात आण्णा अंथरुणाला खिळले. पोट फुगलेलं, अन्न जात नव्हतं. दुपारची वेळ होती, आई विहिरीवर गेलेली. मी त्यांचे पाय चेपत होते. ते छताकडं बघत म्हणाले, "चंद्रे, जल्मात एवढ्या सुया टोचल्या, पण एकच काम चांगलं झालं बघ माझ्या हातनं. ती जतकडची पोरगी. तिचं तोंड वाचलं."

माझ्या हातातले त्यांचे पाय गार होते.

"व्हय, आण्णा," मी म्हणाले. "मला बाजारात भेटल्ती."

त्यांनी मान वळवली. "लगीन झालं?"

"झालं."

"वणासकट?"

"वणासकट. न्हवरा बी संगं हुता. लय जपत हुता तिला."

आण्णांनी डोळे मिटले आणि हात पुढं केला. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या गालाला हात लावला, गाठींवरनं, अगदी हळू, चोळणार नाही असा. आई घागर घेऊन आत आली तेव्हाही हात तसाच होता.